ऊती पाठ करू नका, ओळखा : पेशी, पेशींमधली जागा आणि रक्तपुरवठा

हिमॅटोक्सिलिन

नववी ते बारावीची मुलं, त्यांचे शिक्षक आणि घरी अभ्यास घेणारे पालक यांच्यासाठी हा धागा काढतोय. ऊतींचा धडा म्हणजे तक्ता घोकायचा, ही समजूत पक्की झालेली आहे. ऊती म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशींचा समूह, आणि तिचे प्रकार चार : अभिस्तर (अस्तर), संयोजी (जोडणारी), स्नायू, चेता (मज्जातंतूंची). मग प्रत्येकीचे पोटप्रकार आणि शेवटी 'कुठे आढळते' हा रकाना. परीक्षा झाली की महिन्याभरात सगळं पुसलं जातं.

त्यापेक्षा कुठलीही ऊती समोर आली, मग ती स्लाइड असो, आकृती असो की बायॉप्सीच्या रिपोर्टमधली ओळ, तिला तीन प्रश्न विचारा. पेशी एकमेकींना चिकटून आहेत की लांब लांब? लांब असतील तर मधल्या जागेत काय भरलंय? आणि तिथवर रक्तवाहिनी पोचते का?

पेशी खेटून, मधे जागाच नाही, एक बाजू मोकळी आणि दुसरी आधारपटलावर (खालच्या पातळ पापुद्र्यावर) टेकलेली, असं दिसलं की अभिस्तर. पेशी विखुरलेल्या आणि मधला भराव जास्त, तर संयोजी. तो भराव द्रव असेल तर रक्त, तंतू आणि जेलीसारखा असेल तर विरल ऊती, रबरासारखा घट्ट असेल तर कास्थी (कूर्चा), कॅल्शियमच्या क्षारांनी कडक झालेला असेल तर अस्थी. लांबट पेशी एका दिशेत रचलेल्या असतील तर बहुधा स्नायू. पेशीपासून लांबच लांब फाटे फुटलेले असतील तर चेता.

तिसऱ्या प्रश्नाकडे पुस्तकं फारसं लक्ष देत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा तोच आहे. जखम भरणार का, किती दिवसांत भरणार, याचं बरंचसं उत्तर तिथे असतं. हाडात रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून मोडलेलं हाड साधारण ६ ते १२ आठवड्यांत जुळतं. कास्थीत रक्तवाहिनीच नाही आणि तिच्या पेशीही सहसा विभागत नाहीत, म्हणून गुडघ्यातली झिजलेली कास्थी पूर्ववत होत नाही. अभिस्तरातही रक्तवाहिनी नसते, पण खालच्या संयोजी ऊतीतून झिरपणाऱ्या अन्नावर त्याचं भागतं आणि पेशी झपाट्याने विभागतात. आतड्याचं अस्तर ३ ते ५ दिवसांत बदलतं, त्वचेच्या वरच्या थराला साधारण चार आठवडे लागतात.

ज्यांना जे नीट येतं ते त्यांनी इथे भर घालावी. प्रमाण, वेळ, कुठे बिघडतं, हे सगळं लिहा.

मैत्रेयी

छान धागा. लगेच एक प्रश्न. गालाच्या आतल्या पेशींची स्लाइड मुलं घरी करतात तेव्हा बहुतेक वेळा नुसता निळा डाग दिसतो, सुटी पेशी सापडतच नाही. चाळीसच्या (चाळीसपट मोठं दाखवणाऱ्या) भिंगाखाली तर काहीच स्पष्ट होत नाही. नेमकं प्रमाण आणि क्रम कोणी सांगेल का?

स्लाइडपेटी

सविस्तर लिहितो, कारण ही स्लाइड दोन मिनिटांची असली तरी बिघडायच्या जागा बऱ्याच आहेत.

आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची, नाहीतर पोह्यांचे कण पेशींपेक्षा जास्त दिसतात. काचपट्टी साबणाने धुऊन, पुसून, बोटं फक्त कडांना लावून धरायची. तेलकट काचेवर थेंब पसरत नाही, गोळा होऊन बसतो. पट्टीच्या मधोमध सलाइनचा एकच छोटा थेंब. औषधाच्या दुकानात ०.९ टक्क्याची १०० मिलीची बाटली मिळते. घरी करायचं तर १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ.

टूथपिकची बोथट बाजू किंवा कान साफ करायची कापसाची काडी गालाच्या आतून चार-पाच वेळा हलक्या हाताने फिरवायची. रक्त येईल इतकं खरवडायचं नाही, वरच्या सुट्या झालेल्या पेशीच हव्या आहेत. मग काडी थेंबात फिरवत पसरवायची, नुसती टेकवायची नाही. निळा डाग दिसतो तो इथल्याच चुकीने : पेशींचा गठ्ठा एका जागी पडतो, एकावर एक थर चढतात आणि रंग सगळ्यांतून एकदम दिसतो. थेंब गढूळ दिसायला लागला तर पेशी जास्त झाल्या. जेमतेम धूसर दिसला पाहिजे.

पसरलेला थेंब हवेत जवळजवळ सुकू द्यायचा. मग मिथिलीन ब्लूचा एक थेंब. ०.५ ते १ टक्का पुरतं. माशांच्या टाकीसाठी मिळणारं औषधही चालतं, पण त्याची तीव्रता वेगवेगळी असते, त्यामुळे फिक्या शाईसारखं दिसेपर्यंत पाणी घालून घ्यावं. एक ते दोन मिनिटं थांबायचं. जास्तीचा रंग टिपकागदाने कडेकडून ओढून घ्यायचा आणि सलाइनचा एक थेंब सोडून परत ओढायचा. ही धुण्याची पायरी जवळजवळ सगळे गाळतात. पार्श्वभूमी निळी राहते ती त्यामुळेच.

आच्छादक काच ४५ अंशांत तिरकी धरून एक कड थेंबाला लावायची आणि सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची. सरळ टाकली की बुडबुडे. गोल, जाड काळ्या कडेचं, आत काहीच नसलेलं जे दिसतं तो बुडबुडा. मुलं तोच पेशी म्हणून वहीत काढतात.

आता चाळीसच्या भिंगाबद्दल. स्लाइड उलटी ठेवलेली असेल, म्हणजे आच्छादक काच खाली गेलेली असेल, तर दहाच्या भिंगाखाली सगळं ठीक दिसतं आणि चाळीसखाली कधीच स्पष्ट होत नाही. त्या भिंगाचं काम काचेपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर चालतं आणि काचपट्टीच एक मिलिमीटरच्या पुढे जाड असते. दुसरं म्हणजे प्रकाश. कडक उजेडात पेशीची कड उडून जाते. स्लाइडखालचा, उजेड कमी-जास्त करणारा पडदा निम्म्याहून जास्त बंद करा, कड उठून येते. आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर आरसा खिडकीतल्या उजेडाकडे वळवायचा, थेट सूर्याकडे कधीच नाही, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टच्या ढगाळ उजेडात दहाचं भिंग चालतं, चाळीससाठी टेबलाचा दिवा लागतो.

दिसलं पाहिजे ते असं : चपटी, वेडीवाकडी बहुकोनी, काही ठिकाणी कड दुमडलेली पेशी, आणि तिच्या मधोमध गडद निळं केंद्रक. पेशीवर विखुरलेले बारीक निळे ठिपके म्हणजे तोंडातले जिवाणू. त्यांना तंतुकणिका (मायटोकाँड्रिया, पेशीला ऊर्जा देणारे भाग) समजू नका. मिथिलीन ब्लूने तंतुकणिका दिसत नाहीत. जिवंत पेशीत त्या पाहायच्या तर जॅनस ग्रीन बी हा रंग लागतो आणि तेलातलं शंभरचं भिंग.

काम झाल्यावर काडी आणि काच दोन्ही ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास. चार-पाच टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाणी चार भाग.

गणेशखिंड

यात मोजमापाची भर घालतो, कारण आकाराचा अंदाज आला की निम्मे गोंधळ मिटतात. डोळ्याकडच्या भिंगावर १८ असा आकडा असेल तर त्याला वस्तूकडच्या भिंगाच्या पटीने भागा. दहाखाली दिसणारं वर्तुळ १.८ मिमीचं, चाळीसखाली ०.४५ मिमीचं, म्हणजे ४५० मायक्रॉनचं. वर्तुळाच्या व्यासावर गालाच्या सात-आठ पेशी ओळीने बसत असतील तर एक पेशी साधारण ६० मायक्रॉनची. हे गणित मुलांकडून करून घ्या, आकडा स्वतः काढला की डोक्यात राहतो.

तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉन. स्त्रीचं अंडं १०० मायक्रॉनच्या पुढे, म्हणजे नुसत्या डोळ्याला टोकदार पेन्सिलीचा ठिपका दिसावा तितकं. शुक्रपेशीचं डोकं ५ मायक्रॉनच्या आसपास. तंतुकणिकेची जाडी अर्धा ते एक मायक्रॉन. प्रथिनं बनवणारा रायबोझोम २५ ते ३० नॅनोमीटर. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ०.२ मायक्रॉन, म्हणजे २०० नॅनोमीटर, त्यामुळे रायबोझोम, पेशीपटल, आंतर्द्रव्यजालिकेच्या घड्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात दिसणं शक्यच नाही. पुस्तकातली ती सुरेख आकृती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे आलेली आहे.

अंगकांबद्दल (पेशीच्या आतल्या छोट्या भागांबद्दल) एवढंच : 'प्रत्येक पेशीत सगळी अंगकं असतात' हे वाक्य वहीतून काढून टाका. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिकाही नाहीत. ऑक्सिजन वाहून नेणारी पेशी तो स्वतः वापरतच नाही; ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय मोडून तिचं काम चालतं. नवी प्रथिनं बनवता येत नाहीत म्हणून १२० दिवसांत ती संपते. उलट यकृताच्या एकेका पेशीत तंतुकणिका हजाराच्या घरात असतात. शरीरात मिळून अंदाजे ३० लाख कोटी पेशी, आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त तांबड्या पेशीच.

पेठकर काका

मीठ का घालायचं, साधं पाणी का नको? गालाच्या पेशी तर साध्या पाण्यातही फुटलेल्या दिसत नाहीत.

स्लाइडपेटी

बरोबर निरीक्षण आहे, काका. लाळ रक्तापेक्षा बरीच पातळ असते आणि या चपट्या पेशी कायम तिच्यातच असतात, त्यामुळे पाण्यात त्या थोड्या फुगतात, पटकन फुटत नाहीत. तांबडी पेशी मात्र साध्या पाण्यात काही क्षणांत फुटते आणि पाणी लाल पारदर्शक होतं. सलाइनची सवय लावायची ती यासाठी, की पुढे कुठलीही ऊती घेतली तरी पेशीचा आकार बिघडू नये.

हिमॅटोक्सिलिन

गालाच्याच पेशींवरून एक गोष्ट सांगायला हवी. ती परीक्षेला येत नाही, पण महाराष्ट्रात ती प्रत्येक घरी माहीत असायला हवी.

गालाचं अस्तर म्हणजे स्तरित पट्टकी अभिस्तर (चपट्या पेशींचे अनेक थर), आणि त्याच्याखाली तंतुमय संयोजी ऊती. मिश्री, गुटखा, मावा यांतली तंबाखू वरच्या अभिस्तरावर आघात करते. पेशी सतत मरतात, खालच्या थरातल्या सतत विभागतात, आणि विभागणी जितकी जास्त तितक्या डीएनएच्या नकलेतल्या चुका जास्त. तिथून पांढरा न पुसला जाणारा चट्टा, आणि काहींमध्ये पुढे कर्करोग.

सुपारीचा मारा वेगळ्या जागी होतो. तिच्यामुळे अभिस्तराखालच्या संयोजी ऊतीत कोलॅजेन साठत जातं, ते नीट मोडलं जात नाही, आणि गाल आतून ताठ होतो. वरचा अभिस्तर पातळ होतो, तिखट लागलं की आग होते, मग हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. स्वतःची तीन बोटं उभी जोडून पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहा. जात नसतील आणि सुपारी किंवा गुटख्याची सवय असेल तर दंतवैद्याला दाखवायचं, दुखत नसलं तरी. साठलेलं कोलॅजेन सवय सोडल्यावर आपोआप विरघळत नाही, पण वाढणं थांबू शकतं, आणि कर्करोगाचा धोका या माणसांना जास्त असल्याने तपासणी चालू ठेवावी लागते. तंबाखू नसलेली 'साधी' सुपारी निरुपद्रवी आहे, हा समज धोक्याचा आहे.

कोथरूडची ताई

सूक्ष्मदर्शक नसलेल्यांसाठी लिहिते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा याने १८०१ च्या सुमारास ऊतींचे २१ प्रकार वेगळे केले ते सूक्ष्मदर्शक न वापरता : उकळून, वाळवून, कुजवून, आम्लात बुडवून. त्यातलं बरंचसं स्वयंपाकघरात करता येतं. त्यासाठी कोंबडीचा एक पाय आणि हाडाच्या प्रयोगासाठी एक पंख पुरतो. दुकानात सांगायचं, कातडीसकट अख्खी तंगडी द्या, सांध्यावर सुरा मारू नका. रचना पक्ष्याची असली तरी मुख्य ऊती आपल्यासारख्याच.

कातडी चिमटीत धरून हळूच ओढा. कातडी आणि मांस यांच्यामध्ये ओलसर, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा ताणला जातो, त्यात हवेचे बारीक फुगे दिसतात. ती विरल संयोजी ऊती. कातडी मांसावर सरकते ती तिच्यामुळे. तिच्यातच पिवळसर गोळे चिकटलेले असतात, ती चरबीयुक्त ऊती. एक गोळा बोटांत चोळा, बोट तेलकट होतं, कारण पेशी भरलेली आहे ती एका मोठ्या मेदथेंबाने. केंद्रक कडेला ढकललेलं असतं.

मांसावर चकचकीत पांढरं आवरण आहे, ते कात्रीने चिरलं की स्नायूंचे वेगळे गट बोटांनी सुटे होतात. एक गट खाली घोट्याकडे नेत जा. मांस निमुळतं होतं आणि त्याची पांढरी, मोत्यासारखी चमकणारी दोरी होते : स्नायुरज्जू. तो ओढून पाहा, जराही लांबत नाही. कोलॅजेनचे तंतू सगळे एकाच दिशेत आहेत. आता गुडघ्याचा सांधा उघडा. हाडापासून हाडापर्यंत जाणारे छोटे पट्टे म्हणजे अस्थिबंध. हाडांच्या टोकावर निळसर पांढरी, गुळगुळीत टोपी आहे, ती काचसदृश कास्थी. ब्लेडने पातळ चकती काढा. रक्ताचा एक थेंबही दिसत नाही. आणि त्याच हाडाला जरा वर कापलं तर आत लाल मज्जा. रक्तपुरवठ्यातला फरक इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मग हाडाचा प्रयोग. पंखातलं बारीक हाड स्वच्छ करून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. चार-पाच दिवसांत ते वाकायला लागतं, तंगडीच्या जाड हाडाला आठवड्याहून जास्त लागतो. आम्लाने कॅल्शियमचे क्षार काढून नेले, कोलॅजेन मागे राहिलं. दुसरं हाड गॅसवर चिमट्याने धरून जाळलं तर उलटं होतं : कोलॅजेन जातं, क्षार राहतात, आणि हाड दाबलं की भुगा. खिडकी उघडी ठेवा, वास येतो. पाया सूप गार झाल्यावर थिजतं ते हेच कोलॅजेन. तासन्‌तास उकळल्याने त्याचं जिलेटीन होतं.

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला असू शकतो. वेगळा पाट, वेगळा सुरा, शेवटी साबणाने हात आणि ओटा दोन्ही. प्रयोगाचं मांस खायचं नाही.

गणेशखिंड

ताईंच्या तंगडीतला तांदळाच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा स्लाइडवर घ्या, सलाइनच्या थेंबात दोन सुयांनी तंतू सुटे करा, मिथिलीन ब्लू लावा. चाळीसखाली, पडदा बऱ्यापैकी बंद करून, आडव्या पट्ट्या दिसतात. कच्च्या मांसाचे तंतू तुटतात, हलकं उकडलं तर मधलं कोलॅजेन मऊ होऊन ते सहज सुटतात. केंद्रकं तंतूच्या कडेला असतात, एकेका तंतूत अनेक. आडवे पट्टे तर हृदयाच्या स्नायूतही असतात, पण तिथे केंद्रक मधे, तंतूंना फाटे, आणि दोन पेशींच्या जोडावर गडद आडवी रेघ. अपट्टकी (आडवे पट्टे नसलेला) स्नायू चातीच्या आकाराचा, केंद्रक एक आणि मधे. आतड्याची, रक्तवाहिनीची, गर्भाशयाची भिंत या स्नायूची.

मैत्रेयी

अकरावीच्या प्रात्यक्षिकात कायमस्वरूपी स्लाइडवर अपट्टकी स्नायू आणि घट्ट तंतुमय ऊती यांची हमखास गल्लत होते. दोन्ही गुलाबी, दोन्ही लांबट.

हिमॅटोक्सिलिन

केंद्रक कुठे आहे ते पाहा. हिमॅटोक्सिलिन या रंगाने केंद्रक निळं-जांभळं होतं, इओसिन या रंगाने बाकीचं गुलाबी. स्नायूत केंद्रक गुलाबी पट्टीच्या आत असतं, लांबट आणि टोकं बोथट. तंतुमय ऊतीत केंद्रकं बारीक, काटकुळी, आणि पट्ट्यांच्या मधल्या फटीत दबलेली. एवढ्यावरही ठरलं नाही तर प्रयोगशाळेत मॅसनचा त्रिरंगी रंग वापरतात : स्नायू लाल, कोलॅजेन निळं किंवा हिरवं.

आणखी एक. पुष्कळ मुलं लिहितात, 'या पेशीत केंद्रक नाही.' स्लाइडवरचा काप ३ ते ५ मायक्रॉनचा असतो, पेशी १५-२० मायक्रॉनची. काप केंद्रकाच्या वरून किंवा खालून गेला तर ते दिसणार नाही. तसंच नळीचा तिरका काप पडला तर एकेरी थर चार थरांसारखा दिसतो. म्हणून एका जागेवरून निष्कर्ष काढू नये, स्लाइड सरकवून जिथे काप काटकोनात गेलाय ती जागा शोधावी. श्वासनलिकेत पेशी खरोखरच एकाच थरात, सगळ्या आधारपटलाला टेकलेल्या. पण केंद्रकं वरखाली असल्याने थर अनेक वाटतात.

पेठकर काका

बायॉप्सीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. नातेवाइकांच्या हातात बाटली देऊन 'लॅबमध्ये पोचवा' सांगतात. त्यात काय जपायचं? आणि रिपोर्टला तीन-चार दिवस का लागतात?

हिमॅटोक्सिलिन

शरीरातून निघाल्या क्षणापासून ऊती स्वतःच्याच लयकारिकांतल्या (पेशीतल्या पचनपिशव्यांतल्या) विकरांनी (एन्झाइमांनी) विरघळायला लागते. ते थांबवण्यासाठी १० टक्के बफर केलेलं फॉर्मालिन : बाजारातलं ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड एक भाग, पाणी नऊ भाग, आणि आम्लता रोखणारे क्षार. बफर नसेल तर रक्त असलेल्या भागात काळपट तपकिरी कण पडतात आणि वाचणं अवघड होतं.

बाटली रुंद तोंडाची हवी. अरुंद तोंडातून मऊ तुकडा आत जातो, घट्ट झाल्यावर बाहेर येत नाही. फॉर्मालिन तुकड्याच्या किमान दहापट. ते आत शिरतं साधारण तासाला एक मिलिमीटर या बेताने, म्हणून मोठा अवयव अख्खा टाकला तर मधला भाग कुजतो. तो आधी चिरावा लागतो. नाव आणि तुकड्याची जागा बाटलीच्या अंगावर लिहिलेली हवी, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. बाटली फ्रीजरमध्ये ठेवायची नाही : बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. पाण्यात किंवा कोरड्या गॉजमध्ये तुकडा नेला तर रिपोर्टमध्ये 'निष्कर्ष काढता येत नाही' असं येऊ शकतं आणि रुग्णाला परत सुई.

पण सगळंच फॉर्मालिनमध्ये घालू नये. गाठीत क्षयाचा संशय असेल तर एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवतात, कारण फॉर्मालिनने जंतू मरतो आणि मग तो वाढवून औषधं तपासता येत नाहीत. मूत्रपिंडाच्या बायॉप्सीचाही एक भाग वेगळ्या द्रवात जातो. बाटल्या किती आणि कशात, हे शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांना विचारा.

वेळ लागतो तो असा. फॉर्मालिनमध्ये मुरायला काही तास ते एक दिवस. स्तनाच्या गाठीत हार्मोनच्या चाचण्या नीट याव्यात म्हणून ६ तासांहून कमी नको आणि ७२ हून जास्त नको. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढणं, झायलीनने अल्कोहोल काढणं, ५६ ते ६० अंशांच्या पातळ मेणात मुरवणं. ही साखळी रात्रभर चालते. पाणी पुरतं निघालं नाही तर मेण आत जात नाही आणि काप भुगा होतो. जास्त वेळ सुकवलं तर तुकडा ठिसूळ. हाड असेल तर आधी आम्लात क्षार काढायला आणखी काही दिवस. त्यानंतर काप, रंग, आणि मग वाचणं.

रिपोर्टमधले शब्द ऊतीवरूनच येतात. अभिस्तरातून उगम तो कार्सिनोमा, संयोजी किंवा स्नायू ऊतीतून सार्कोमा. मोठ्या माणसांतले बहुसंख्य कर्करोग कार्सिनोमा असतात : सतत विभागणारी आणि धूर, आम्ल, ऊन यांचा मारा झेलणारी ऊती तीच.

स्लाइडपेटी

रक्ताबद्दल दोन ओळी. शाळेत बोट टोचून रक्ताची स्लाइड करू नका. एकच सुई दुसऱ्या बोटाला लागली तर कावीळ बी, सी आणि एचआयव्ही यांचा धोका. तयार स्लाइड वापरा.

जे प्रयोगशाळा-तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करताहेत त्यांच्यासाठी : रक्ताच्या स्लाइडवर लीशमन रंग दोन मिनिटं तसाच, मग त्याच्या दुप्पट ६.८ पीएचचं बफर पाणी घालून ७ ते १० मिनिटं. नळाचं पाणी वापरून सगळं निळसर आलं तर पाणी अल्कधर्मी आहे. पावसाळ्यात तांबड्या पेशींत चकाकणारी भोकं दिसली तर तो आजार नाही, दमट हवेत काचेवरचा थर हळू सुकला किंवा रंगातल्या मिथेनॉलमध्ये ओल शिरली. पंख्याखाली लगेच सुकवा, बाटलीचं बूच घट्ट लावा.

मैत्रेयी

चेता ऊतीवर कोणी लिहिलं नाही. मधुमेहात आधी पायाची बोटंच का बधिर होतात?

गणेशखिंड

पेशीच्या लांबीमुळे. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा देह कमरेच्या मणक्यांपाशी असतो आणि तिचा तंतू जवळजवळ एक मीटर लांब. त्या टोकाला लागणारी प्रथिनं देहातच बनतात आणि तिथून वाहून न्यावी लागतात. साखरेने बारीक रक्तवाहिन्या आणि तंतू दोन्ही बिघडले की सर्वांत लांब तंतूचं टोक आधी उपाशी राहतं. म्हणून आधी दोन्ही पायांची बोटं, मग पाऊल, बऱ्याच काळाने हाताची बोटं. मधुमेह्याने रोज रात्री तळवे आरशात पाहावेत, काच रुतली तरी कळत नाही.

हातापायातला तुटलेला तंतू जोडला तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपरापाशी तुटला आणि बोट ३० सेंटिमीटरवर असेल तर दहा महिने. स्नायू चेतेशिवाय वर्ष-दीड वर्षच टिकतो, त्यामुळे जोडायला उशीर करून चालत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूत ही वाढ जवळजवळ होत नाही.

ज्यांना पेशी शरीराबाहेर कशा वाढवतात याची उत्सुकता आहे, त्यांच्यासाठी : राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आपल्याच पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण तिथून जातात. शरीरातून काढलेल्या साध्या पेशी ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे अमेरिकन शास्त्रज्ञ हेफ्लिक याने १९६१ मध्ये दाखवलं. थांबत नाहीत त्या कर्करोगाच्या. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गाठीतून घेतलेल्या, १९५१ पासून वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशी आजही जगभर वापरात आहेत.

मैत्रेयी

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. शेवटचं : शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर जाळीसारखं काहीतरी आलंय, पुसून जात नाही.

स्लाइडपेटी

बुरशी असणार. पावसाळ्यात प्लॅस्टिकची टोपी घालून लाकडी कपाटात बंद ठेवला की येते. वरवरची असेल तर भिंगाच्या कागदावर ७० टक्के अल्कोहोलचा एक थेंब घेऊन मधून कडेकडे गोल पुसा, शर्टाच्या टोकाने नाही. भिंगाच्या आत शिरली असेल तर दुरुस्तीवाल्याकडेच द्या, घरी स्क्रू उघडले की भिंगांची रांग हलते. पुढच्या वर्षी जूनपासून हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून भिंगं त्यात ठेवा, जेलचा रंग बदलला की मंद तव्यावर तापवून परत वापरा. कायमस्वरूपी स्लाइड आडव्या ठेवा, उभ्या ठेवल्या तर आच्छादक काच हळूहळू सरकते.